मानेवरचा मुरूम

"नाही," रंगनाथ म्हणाला. म्हणाला खरं, पण फार लवकर म्हणाला. डॉक्टर शामकांतांचा प्रश्न अजून पुरता तोंडाबाहेर पडायचा होता. जनावरांच्या दवाखान्याच्या खिडकीशी एक्स-रेची काळी फिल्म उजेडात धरून ते विचारत होते, की रंगनाथराव, ही घोडी कधी पडली होती का, म्हणजे डोक्यावर, मानेवर. आणि 'मानेवर' हा शब्द यायच्या आतच याचं 'नाही' देऊन झालं होतं. अकरा वर्षं नगरच्या जकात नाक्यावर कारकुनी केलेल्या माणसाला असल्या 'नाही'ची ओळख करून द्यायला नको. ज्याच्या गाडीत काही नसतं तो आधी प्रश्न नीट ऐकतो, वळून आपल्याच गाडीकडे बघतो, डोकं खाजवतो आणि मग नाही म्हणतो. ज्याच्या कडब्याखाली कापडाच्या गाठी असतात त्याचं उत्तर तयार असतं. तसं तयार उत्तर आलं की रंगनाथ पेन्सिल कानावर अडकवून नुसतं म्हणायचा, ताडपत्री काढ. हजारदा तरी म्हटलं असेल. आता तो डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत राहिला, हा माणूस आपल्याला ताडपत्री काढायला सांगतो की काय म्हणून. पण शामकांत तरुण होते, मुंबईला शिकून आलेले होते आणि नाक्यावर कधी बसलेले नव्हते. त्यांनी फिल्म खाली ठेवली आणि कागदावर दोन ओळी लिहिल्या. उलट्या बाजूने रंगनाथला एवढंच वाचता आलं : पडल्याचे मालक नाकारतात. 'नाकारतात' हा शब्द त्याला अजिबात आवडला नाही. नाही म्हणतात असं लिहायला काय झालं होतं?

मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. या घोडीचा, शेवंतीचा, दोष कमरेत नाहीच. मागचे पाय ओढते, वळताना मागचा भाग झोकांडतो, शेपटी धरून बाजूला ओढलं तर दारुड्यासारखी कलते, म्हणून सगळ्यांनी कुमरी म्हटलं. कमरेतून गेलेल्या घोड्याला या मुलखात दुसरा शब्दच नाही. पण पायांना हुकूम पोचवणारी दोरी मानेच्या मणक्यांतून जाते, ती तिथे चेंगरली की आधी मागचे पाय बहकतात. भिंगारच्या एका ओळखीच्या डॉक्टरांचं चाकांवरचं लहान मशीन मागून आणून त्यांनी फोटो काढला होता. मशीन माणसाच्या हातापायासाठी केलेलं, घोड्याच्या मानेपुढे त्याचा जोर पुरला नव्हता. पाचव्या-सहाव्या मणक्याशी काहीतरी आहे हे नक्की. त्याच्या अलीकडेही सावली दिसत होती, ती खरी की मशीनची हे त्यांना सांगता येत नव्हतं. जन्मापासून मणक्यांची नळीच अरुंद असेल तर दोष एका जागी नसतो, तिथे सुरी लावण्यात अर्थ नाही. उद्या ती कुणाच्या अंगावर कोसळेल, त्यापेक्षा इंजेक्शन देऊन तिला सोडवलेलं बरं. मात्र आपटून एकाच जागी हाड दबलं असेल तर वरून मान उघडायची, त्या हाडाचं छत कोरून काढायचं, दोरी मोकळी करायची. कुत्र्यावर मी दोनदा केलंय, डॉक्टर म्हणाले, घोड्यावर केलेलं नाही, आणि कुणी केल्याचं माझ्या कानावर नाही. उठेलच असं वचन देत नाही. "पण पडली असेल तरच मी हात घालीन. नसेल, तर गुरुवारी सकाळी घेऊन या. उगाच हाल नकोत तिचे." त्या दिवशी मंगळवार होता.

केडगावच्या घराकडे तो तिला चालवत निघाला. डांबरावर पुढच्या दोन पायांचा आवाज नीट यायचा, टाप, टाप. आणि मग मागच्या डाव्याचा, खर्र. पुन्हा टाप, टाप, खर्र. वर्षभर हा आवाज त्याच्या मागे होता, पण आज तो कुणीतरी मुद्दाम काढल्यासारखा वाटत होता. दुष्काळाचं दुसरं वर्ष, माणसं रेशनच्या लाल मिलोच्या भाकरी खात होती, बैल चाऱ्याच्या छावणीत नेऊन बांधत होती, आणि हा आपला मोडकी घोडी घेऊन शहरातून चाललेला. लोक बघत होते. बघू देत. त्याचं डोकं डॉक्टरांभोवती फिरत होतं. याला नाव करायचंय, पहिली घोडी कापणारा म्हणून छापून यायचं असेल. पण मग नाव करायला निघालेला माणूस उलट सुरी लावायला नको का म्हणतो? म्हणजे भ्यायला असणार. की भ्यायला नाही, त्याला सगळं ठाऊक आहे, आणि आपण होऊन कबूल करतोय का ते बघतोय? दवाखान्याचा कंपाउंडर श्रीगोंद्याकडचा होता. श्रीगोंदा म्हणजे काष्टी आलंच, आणि काष्टी म्हणजे सूर्यभान. कंपाउंडरने घोडीला गूळ खाऊ घातला होता, तो कशापायी? नाक्यावर फुकट गूळ देणाऱ्या माणसाची गाडी रंगनाथ सगळ्यात आधी उपसायचा. अशी एकेक गाठ तो सोडवत गेला आणि प्रत्येक गाठीतून दुसरी निघत गेली. केडगावची वेस आली तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की सगळ्यांवर संशय घेऊन झाला, एक माणूस तेवढा वगळलाय, तो स्वतः.

सूर्यभान आणि तो काष्टीत एका पाटीवर अक्षरं गिरवलेले. रंगनाथ पुढे शिकला, शहरात लागला. सूर्यभानची शाळा दुसरीतच सुटली, त्याने घोड्यांचा नाद धरला. शेवंती त्याच्याच गोठ्यात जन्मली, गडद तांबड्या कुमैत रंगाची, चारही पाय आणि कपाळ पांढरं, अगदी बघत राहावं अशी पंचकल्याणी. दुसऱ्या कुणाला दिली नसती, रंगा, तुला देतो, असं म्हणून त्याने कासरा हातात ठेवला होता. आणि दीड वर्षाने, काष्टीच्या शनिवारच्या बाजारात, लिंबाखाली पन्नास माणसं उभी असताना रंगनाथने त्याला विचारलं होतं, कुमरीचं जनावर माझ्या गळ्यात बांधताना लाज वाटली नाही का रे तुला. सूर्यभान भांडला नाही. जवळ उभ्या असलेल्या शिंगराच्या कपाळावर हात ठेवून एवढंच म्हणाला, "दिली त्या दिशी सरळ चालत हुती. फुडचं मला ठावं न्हाई." लोकांना भांडण हवं होतं, ते मिळालं नाही, तेव्हा त्यांनी रंगनाथचंच खरं धरलं. शिकलेला माणूस, सरकारी नाक्यावरचा, तो कशाला खोटं बोलेल. त्यानंतर सूर्यभानच्या दावणीशी गिऱ्हाईक थांबेना. माणसं लांबून वळसा घालून जायची. पहिले काही महिने त्याने न विकलेली शिंगरं तशीच पोसली, मग घोड्यांचा नाद सोडला. आता तो दुसऱ्यांचे बैल बाजारात हाकून नेतो असं कुणीतरी नाक्यावर सांगितलं होतं, आणि ते ऐकून रंगनाथने पावती पुस्तकाचं पान उलटलं होतं. आता डॉक्टरांचा कागद झाला की जन्मतः दोष असं लेखी होणार होतं. आपलंच खरं ठरणार. हे मनात आलं आणि त्याला बरं वाटलं. बरं वाटलं याची त्याला स्वतःलाच किळस आली, तरी बरं वाटायचं थांबलं नाही.

पडली होती. अहो, पडली होतीच की. दिवाळीनंतरची गोष्ट, पुतण्याच्या लग्नात शेवंतीवर नवरदेव बसायचा होता, आणि रंगनाथला तिची मान कमानीसारखी वळलेली हवी होती. वाजंत्रीपुढे नाचणारी घोडी अशीच घडवतात. लगाम आखूड करून पोटाच्या तंगाला बांधायचा, हनुवटी छातीला टेकवायची आणि जनावर तसं उभं ठेवायचं. पहिल्या दिवशी चार-पाच मिनिटं, मग रोज थोडं थोडं वाढवत. समोर माणूस पाहिजे, आणि कासरा कधीही बांधून ठेवायचा नाही, हातातच धरायचा. हे त्याला सूर्यभाननेच सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी त्याने तिला तसं बांधून कासरा लिंबाला गुंडाळला, आणि एवढ्यात नाक्यावरून बोलावणं आलं. पंधरा मिनिटांचं काम म्हणून तो गेला. तिथे एका ट्रकमध्ये भुईमुगाच्या पोत्यांखाली रेशमी कापड निघालं, ते त्यानेच काढलं. ड्रायव्हर नाही, नाही म्हणत होता तेव्हा याने शांतपणे तिसरं पोतं उचलायला लावलं. साहेबांनी पाठ थोपटली, भजी मागवली. दीड तासाने तो घरी आला तेव्हा शेवंती उभी होती. तंग तुटून लोंबत होता. लिंबाची साल सोलवटली होती. तोंडाला फेस होता, आणि डाव्या बाजूला कानामागून खांद्यापर्यंत आयाळीत अंगणातला मुरूम भरला होता; उताणी आपटल्याशिवाय मुरूम तिथे लागत नाही. त्याने चारही पाय चाचपले. पाय शाबूत होते. मग त्याने खरारा घेतला आणि मानेवरचा मुरूम झाडून काढला, खडा न् खडा, आयाळीत बोटं घालून, कुणी हात फिरवला तरी कळणार नाही इतकं साफ. तुटका तंग चुलीत घातला. कुणी बघितलं नाही याची खात्री केली. लग्नात ती फक्कड नाचली. महिन्या-दीड महिन्याने मागचा पाय ओढायला लागली, तेव्हा सगळे म्हणाले कुमरी, आणि त्याने सुटकेचा श्वास सोडला. यातलं काहीच तो कधी विसरला नव्हता. त्याने फक्त त्यावर ताडपत्री टाकून ठेवली होती.

बुधवारी तो नाक्यावर बसला, पण बसल्याचं समाधान नव्हतं. अकराच्या सुमाराला एक म्हातारी डोक्यावर बोचकं घेऊन आली. काय आहे आजीबाई, असं त्याने सवयीने विचारलं. काय न्हाई लेकरा, ती म्हणाली, तत्काळ. शेजारचा शिपाई बोचक्याकडे हात पुढे करून वाट बघत उभा राहिला. रंगनाथने म्हातारीच्या तोंडाकडे बघितलं. त्या तोंडावर काय होतं ते त्याला आजवर कधी दिसलं नव्हतं. चोरी नव्हती, नुसती भीती होती, आणि बोचक्यात असेल त्या चार शेर ज्वारीपेक्षा ती भीतीच लपवण्याची धडपड जास्त होती. जाऊ दे, तो म्हणाला. शिपाई चमकून बघायला लागला. रंगनाथने कधी कुणाला जाऊ दिलेलं नव्हतं. दिवसभर तो शिपाई आपल्याविषयी काय विचार करत असेल याचाच विचार रंगनाथ करत राहिला, आणि संध्याकाळी पाच वाजायच्या आधीच छत्री उचलून घरी निघाला.

घरामागच्या गोठ्यात छबूबाई, त्याची बायको, शेवंतीला शेकत होती. शेगडीवर तवा, तव्यावर मिठाची पुरचुंडी. ती गरम करायची, गालाला लावून बघायची आणि घोडीच्या अंगावर दाबायची. हे ती वर्षभर रोज करत होती. रंगनाथने वर्षभर ते बघितलं होतं आणि बायकांची माया म्हणून सोडून दिलं होतं. आज तो दाराशी थांबला. पुरचुंडी मानेवर होती. डाव्या बाजूला, आयाळीखाली, खांद्याच्या वर वीतभर. तिथून ती हलत नव्हती. कमरेवर डागांच्या चार काळ्या रेघा होत्या, केस पुन्हा न आलेल्या. शेवगावच्या काकासाहेब वैदूने तापल्या सळईने त्या ओढल्या होत्या, आणि ओढताना शेवंतीच्या वरच्या ओठाला दोरीचा पीळ घालून तिला जागच्या जागी धरणारा माणूस रंगनाथ स्वतः होता. तेल लावायचं, शेकायचं तर तिथे. छबूबाईचा हात तिथे गेलेला त्याला एकदाही आठवेना. डाग द्यायच्या दिवशी ती घरात नव्हती. न सांगता पहाटेच उठून मिरजगावला भावाकडे निघून गेली होती, आणि तेव्हा त्याने तिच्यावर भलताच संशय घेतला होता, भावाला धान्य नेऊन देते म्हणून. दुखणं कमरेत आहे, तिथे शेक, असं तो म्हणाला. आवाज नाक्यावरचा निघाला. छबूबाईने मान वळवली नाही.

"मला ठावं हाय कुठं दुखतंय," ती म्हणाली, आणि पुरचुंडी पुन्हा तव्यावर ठेवली.

तो जेवला नाही. पोट दुखतंय म्हणाला. तिने ताट झाकून ठेवलं. तिने त्या दिवशी काय बघितलं असेल, कुठून, किती? दारात होती की न्हाणीच्या आडोशाला? की त्याने मुरूम झाडला तो तिने जमिनीवर पडलेला पाहिला, आणि लख्ख झाडलेली मान पाहिली, आणि झाडू घेऊन तोही लोटून टाकला? विचारायचं म्हटलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. पण विचारलं की सांगावं लागतं. एक वर्ष एका घरात दोघंजण एकच गोष्ट जाणून होते आणि समोरासमोर बसून भाकर खात होते, हे त्याला घोडीच्या दुखण्यापेक्षा भयंकर वाटलं. आणि त्यातही, मेला स्वभाव असा, की त्याच्या मनात आलंच : ही उद्या तिथे बोलली तर?

गुरुवारी सकाळी तीही बरोबर निघाली. नको म्हणायची त्याची छाती झाली नाही. दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली उसाचं पाचट पसरलेलं होतं, आणि पाचटाशेजारी उकिडवा बसलेला माणूस त्यांना बघून उठला. सूर्यभान. वाळला होता, मुंडासं मळलं होतं. कंपाउंडरचाच उद्योग हा, गूळ उगाच नव्हता. पण छबूबाईच पुढे होऊन म्हणाली, निरोप मी धाडला, तिच्या जन्माला हे हुते, जाताना असू द्या म्हनलं. सूर्यभानने रंगनाथकडे बघितलंच नाही. तो शेवंतीकडे गेला, तिचा ओठ वर करून हिरड्या बघितल्या, कपाळावर तळवा ठेवला, मग पाठीवरून हात फिरवत मागे गेला. डागांवर हात आला तसा थांबला. चारही रेघांवरून त्याने एकेक बोट फिरवलं आणि हात काढून घेतला.

डॉक्टर बाहेर आले. हातात कागद होता, मागे कंपाउंडर ट्रे घेऊन. सही करा, रंगनाथराव, ते हलकेच म्हणाले, मग बायकांना जरा लांब पाठवा. कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, मानेच्या मणक्यांत जन्मतः दोष, पडल्याचे मालक नाकारतात, मालकाच्या संमतीने. वर्षभर जे लेखी हवं होतं ते हे. पेन हातात होतं. सूर्यभानला वाचता येत नव्हतं. काय लिव्हलंय, डागदरसाहेब, असं त्याने विचारलं, आणि डॉक्टरांनी सगळं वाचून दाखवलं. जन्मतः म्हणजे उपजत, आईच्या पोटातनंच, असं फोडूनही सांगितलं. सूर्यभानने ऐकून घेतलं. मुंडासं काढून पुन्हा बांधलं. रंगनाथ वाट बघत होता, आता हा खोटं म्हणेल, शपथ घेईल, डॉक्टरांची कॉलर धरेल. तसं झालं असतं तर सही करायला किती सोपं गेलं असतं.

"आसंल," सूर्यभान म्हणाला. "कागदावर हाय म्हंजे आसंल. मला दिसलं न्हाई. माझ्याच घरनं खोट आली मग. भर बाजारात मी तोंड वर करून बोललो. माझं चुकलं, रंगा."

रंगनाथने आयुष्यात हजारो माणसांची तोंडं तपासली होती. या तोंडामागे काही आहे का ते त्याने तपासलं. खरंच तपासलं, त्या क्षणीसुद्धा. काही नव्हतं. माणूस मनापासून माफी मागत होता. पेनची शाई कागदावर उतरून डाग पडला होता.

"पडली होती," रंगनाथ म्हणाला.

डॉक्टरांनी विचारलं, काय म्हणालात? तो पुन्हा म्हणाला, पडली होती, उताणी, मी मान बांधून गेलो होतो, कासरा लिंबाला गुंडाळून. केव्हा, ते सांगितलं. तंग तुटला होता ते सांगितलं. मुरूम झाडला तेही सांगितलं, कुणी विचारलेलं नसताना. डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. मंगळवारी का नाही बोललात, असं ते ओरडणार होते, पण ओरडले नाहीत, त्यांनी कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, जागा दाखवा. मला नेमकी जागा हवी. कोणती बाजू, कुठे लागलं, आठवून बघा, घाई करू नका. आठवायला काही लागलं नाही. रंगनाथचा हात आयाळीखाली गेला आणि एकदाही न चाचपता जागेवर बसला, डाव्या बाजूला, खांद्याच्या वर वीतभर. रोज शेकून तिथली कातडी मऊ झाली होती. छबूबाईने पदर तोंडाला लावला. डॉक्टर कंपाउंडरला म्हणाले, तो ट्रे परत ने, भुलीचं क्लोरल काढ, हत्यारं उकळायला ठेव, आणि दोर आण, घोडी पाडायला सहा माणसं बोलाव.

माणसं धावपळ करायला लागली. सूर्यभान जागचा हलला नाही. तो रंगनाथच्या हाताकडे बघत होता, मानेवर बसलेल्या त्या हाताकडे. बाजाराबद्दल तो बोलेल, गेल्या वर्षाबद्दल, रिकाम्या दावणीबद्दल. रंगनाथने अंग आवळून धरलं होतं. पण सूर्यभान स्वतःबद्दल काहीच बोलला नाही. त्याने घोडीच्या मागच्या भागाकडे बोट केलं.

"तुला ठावं हुतं हितं हाय," तो म्हणाला. "मग कमरंला डाग कशापायी दिलास?"

रंगनाथने वळून त्या चार काळ्या रेघांकडे बघितलं. शेवंतीने कान हलवून माशी उडवली आणि त्याच्या हाताखाली मान तशीच राहू दिली.